खोकल्याची बाटली

पोलादपुरात जूनमध्ये पाऊस लागला की पाठोपाठ खोकलाही लागतो. सावित्री नदी दुथडी भरून वाहू लागते. कशेडी आणि आंबेनळी हे दोन्ही घाट धुक्यात बुडून जातात. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. वर्गात पहिल्या बाकावर एकजण खोकला की थोड्याच दिवसांत शेवटच्या बाकापर्यंत खोकल्याची साखळी पोहोचते. मग संध्याकाळी घरी अब्बा म्हणतात, "जा, मेडिकलमधून खोकल्याची बाटली घेऊन ये." तुम्ही छत्री घेऊन निघता. दुकानदार एवढेच विचारतो, "खोकला ओला आहे की कोरडा?" तुम्ही सांगता आणि तो फळीवरची एक बाटली काढून देतो. डॉक्टरांची चिठ्ठी बहुधा कोणी मागत नाही. दोन-तीन दिवसांत खोकला जातो आणि उरलेली बाटली पुढच्या पावसासाठी कपाटात जाऊन बसते.

मुलांनो, अशाच एका बाटलीपायी भारताच्या एका तरुण खेळाडूला आठ महिन्यांची शिक्षा झाली. त्याचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. तो म्हणजे पृथ्वी शॉ.

पृथ्वी लहानाचा मोठा झाला तो मुंबईजवळच्या विरारमध्ये. तो अगदी लहान असताना त्याची आई वारली. वडील त्याला पहाटेच्या लोकल गाडीने खेळाच्या सरावासाठी वांद्र्याला नेत असत. विरारची गाडी म्हणजे काय हे ज्यांनी तिच्यातून प्रवास केला आहे त्यांनाच कळेल. मोठ्या माणसालाही जेथे पाय ठेवायला जागा मिळत नाही, तेथे एक लहान मुलगा क्रिकेटचे सामान घेऊन रोज उभा असे. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत त्याने रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून एकाच डावात ५४६ धावा काढल्या. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. म्हणजे आज तुमच्यापैकी अनेकजण ज्या वयाचे आहेत, त्याच वयाचा. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याच्या नेतृत्वाखाली भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात राजकोट येथे वेस्ट इंडीजविरुद्ध आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यात त्याने १३४ धावा केल्या. सारा देश त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहू लागला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात घोट्याला दुखापत झाली आणि काही काळ त्याला खेळापासून दूर राहावे लागले. बरा होऊन तो परतला तो सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत. ही स्पर्धा खेळत असतानाच, २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरमध्ये, त्याच्या लघवीचा नमुना घेण्यात आला.

हा नमुना कशासाठी घेतात, ते आधी समजून घेऊ.

काही औषधे अशी असतात, की ती घेतल्यावर माणसाचे स्नायू अधिक बळकट होतात, दम अधिक काळ टिकतो किंवा थकवा जाणवत नाही. आजारी माणसासाठी ही औषधे उपयोगाची असतात, परंतु खेळाडूने जिंकण्यासाठी ती घेतली तर ती फसवणूक ठरते. अशा पदार्थांना उत्तेजक द्रव्ये म्हणतात. त्यांची एक मोठी यादी आहे. ती जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था तयार करते. या संस्थेला थोडक्यात 'वाडा' म्हणतात, आणि भारतात हेच काम करणाऱ्या संस्थेला 'नाडा'. (वाडा संस्थेची स्थापना १० नोव्हेंबर १९९९ ची आणि पृथ्वी शॉचा जन्म ९ नोव्हेंबर १९९९ चा. योगायोग तरी कसा असतो पाहा!) खेळाडूने दिलेला नमुना दोन बाटल्यांत भरून त्याच्यासमोरच मोहोरबंद करतात. एक 'अ' बाटली आणि दुसरी 'ब' बाटली. 'अ' बाटलीत दोष आढळला, तर खेळाडूला 'ब' बाटली उघडून पुन्हा तपासणी करून घेण्याचा हक्क असतो. आपल्यावर अन्याय होत आहे असे वाटले तर दाद मागायला जागा असावी, म्हणून ही सोय.

पृथ्वीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन नावाचे द्रव्य सापडले. हे द्रव्य आकसलेल्या श्वासनलिका मोकळ्या करते. दम्याच्या रोग्यांना ते देतात आणि खोकल्याच्या कितीतरी औषधांत ते असते. वाडाच्या यादीत मात्र ते निषिद्ध आहे. एखाद्या खेळाडूला असे औषध खरोखरच घ्यावे लागत असेल, तर त्याने डॉक्टरांच्या कागदपत्रांसह आधी परवानगी मागायची असते. पृथ्वीकडे अशी परवानगी नव्हती.

३० जुलै २०१९ रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ही बातमी जाहीर केली. पृथ्वीने हे द्रव्य नकळत घेतले, ते खोकल्याच्या औषधांत सर्रास आढळते आणि खेळ सुधारण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे म्हणणे मंडळाने मान्य केले. तरीही त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी घातली. त्याच रात्री पृथ्वीने समाजमाध्यमावर लिहिले, की मी हा निर्णय मनापासून स्वीकारतो. आपण औषध घेताना नियमांची काळजी घेतली नाही, हेही त्याने सांगितले. इतर खेळाडूंनी यापासून सावध व्हावे, औषध साधे असले तरी नियम पाळावेत, अशी इच्छा त्याने व्यक्त केली.

आता लोक काय म्हणाले ते पाहा. काहींना त्याची दया आली. एकोणीस वर्षांचा मुलगा, पावसात नाही तर थंडीत खोकला झाला, औषध घेतले, एवढ्यासाठी एवढी शिक्षा? असे ते म्हणत. काहींना राग आला. त्यांचे म्हणणे असे, की हा मुलगा गल्लीत खेळणारा नाही, तो देशाचा खेळाडू आहे, त्याच्या संघाबरोबर तज्ज्ञ माणसे असतात, मग त्याने कोणाला विचारले का नाही? शिवाय दीड वर्षापूर्वीच, जानेवारी २०१८ मध्ये, बडोद्याचा युसूफ पठाण याच टर्ब्युटालिनमुळे पाच महिन्यांच्या बंदीला सामोरा गेल्याची बातमी सर्व वर्तमानपत्रांत आली होती. पुढच्याला ठेच लागूनही मागचा शहाणा झाला नव्हता.

सर्वांत जास्त टीका झाली ती शिक्षेच्या तारखांवर. आठ महिने मोजायला सुरुवात केली ती १६ मार्च २०१९ पासून, आणि शेवट १५ नोव्हेंबरला. म्हणजे बातमी जाहीर झाली तेव्हा निम्म्याहून अधिक शिक्षा संपूनही गेली होती! मार्च ते मे या काळात पृथ्वी आयपीएल स्पर्धेत दिल्लीकडून खेळत होता. जो काळ तो मैदानावर होता, तोच काळ कागदावर बंदीचा ठरला. खेळाडूने दोष लगेच मान्य केला तर शिक्षेची सुरुवात मागच्या तारखेपासून धरता येते, असा नियमच आहे. पण सामान्य माणसाला हे पटणे कठीण होते आणि मला वाटते, त्यात सामान्य माणसाची चूक नव्हती. क्रिकेट मंडळ स्वतःच खेळाडू निवडते, स्वतःच त्यांची तपासणी करवते, स्वतःच न्याय देते आणि स्वतःच शिक्षा मोजते, हे कसे? हा प्रश्न पूर्वीपासून विचारला जात होता, आता तो मोठ्या आवाजात विचारला जाऊ लागला. ती बातमी येऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तोच ९ ऑगस्ट २०१९ रोजी क्रिकेट मंडळाने आपल्या खेळाडूंची तपासणी नाडाकडून करून घेण्यास मान्यता दिली. कुस्ती, कबड्डी, धावणे, भारोत्तोलन या खेळांतील खेळाडू नाडाची तपासणी आधीपासूनच देत होते. क्रिकेटचे खेळाडू त्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले.

येथे थोडे थांबून तीन शब्दांकडे पाहू. तिन्ही शब्द तुमच्या घरचे आहेत.

पहिला शब्द 'कबुली'. 'कबूल' हा शब्द उर्दूत आणि मराठीत सारखाच चालतो. आपल्या हातून जे घडले ते आपण होऊन मान्य करणे म्हणजे कबुली. दुसरा शब्द 'खुलासा'. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश. तुमचे उस्ताद धड्याचा खुलासा लिहायला सांगतात, तेव्हा त्यांना थोडक्यात आशय हवा असतो. मराठीत मात्र खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. 'उशीर का झाला याचा खुलासा करा' असे मराठी शिक्षकांनी सांगितले, तर सारांश लिहून चालणार नाही! तिसरा शब्द 'सबब'. उर्दूत सबब म्हणजे कारण, खरे कारण. मराठीत तो शब्द आला आणि त्याचा रंग पालटला. मराठीत 'पोटदुखीची सबब सांगितली' असे म्हटले, की पोट दुखत नव्हते हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. सबब म्हणजे बहाणा.

एकच वाक्य घ्या : 'मला खोकला झाला होता, म्हणून मी औषध घेतले.' हे वाक्य खुलासा आहे की सबब? उर्दूतली सबब आहे की मराठीतली? पृथ्वीच्या बातमीवर लोकांचे जे दोन तट पडले, ते याच एका प्रश्नावर. आणि लोक इतके संशयी का झाले, हे कळण्यासाठी आपल्याला एका सायकलस्वाराची गोष्ट माहीत हवी.

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट तुम्ही एस.टी.तून पाहिला असेल. सुमारे चाळीस किलोमीटरच्या वाटेत गाडी समुद्रसपाटीजवळच्या खोऱ्यातून तेराशे मीटरांहून अधिक उंचीवर चढते. इंजिन धापा टाकते. आता कल्पना करा, की हा घाट सायकलने चढायचा आहे. दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा घाट, तिसऱ्या दिवशी तिसरा, आणि असे तीन आठवडे. फ्रान्स देशात दरवर्षी जुलै महिन्यात अशीच एक शर्यत होते. तिचे नाव 'टूर द फ्रान्स'. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. जो एकूण वेळेत सर्वांत पुढे असतो, त्याला पिवळा सदरा घालायला मिळतो.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील लान्स आर्मस्ट्राँग हा या शर्यतीचा मोठा वीर मानला जात होता. १९९६ साली, पंचवीस वर्षांचा असताना, त्याला कर्करोग झाला. रोग फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पसरला होता. तो वाचेल की नाही याचीच शंका होती. पण तो बरा झाला, पुन्हा सायकलवर बसला आणि १९९९ पासून २००५ पर्यंत ओळीने सात वेळा त्याने ही शर्यत जिंकली. जगभरातील रोग्यांना त्याच्या रूपाने धीर मिळाला. त्याने कर्करोग्यांसाठी एक संस्था काढली. त्या संस्थेचे रबराचे पिवळे कडे कोट्यवधी लोकांनी विकत घेऊन मनगटात घातले. आपला युवराजसिंग २०१२ मध्ये कर्करोगाच्या उपचारांसाठी अमेरिकेत गेला, तेव्हा ज्या डॉक्टरांचा सल्ला त्याला मिळाला, ते डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न हेच आर्मस्ट्राँगच्याही उपचारांशी जोडलेले होते. या आजारात युवराजने आर्मस्ट्राँगचे पुस्तकही वाचले होते.

पण या सातही विजयांमागे औषधे होती. घाट चढताना पायांना प्राणवायू लागतो आणि तो पोहोचवतात रक्तातील तांबड्या पेशी. या पेशी वाढवणारे एक द्रव्य आपल्या मूत्रपिंडात आपोआप तयार होते. ते कारखान्यातही बनवतात आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांना देतात. त्याला थोडक्यात ईपीओ म्हणतात. धडधाकट सायकलपटूने ते टोचून घेतले, तर तांबड्या पेशी वाढतात आणि घाट सोपा होतो. अर्थात रक्त दाट होऊन हृदयावर ताण येतो, गुठळी होऊन जीवही जाऊ शकतो. आर्मस्ट्राँग ईपीओ घेत होता. शिवाय स्वतःचे रक्त आधी काढून ठेवून शर्यतीच्या वेळी ते पुन्हा शरीरात भरून घेत होता.

आणि येथेच आपली औषधाची चिठ्ठी पुन्हा भेटते. १९९९ च्या शर्यतीत त्याच्या नमुन्यात एक निषिद्ध द्रव्य सापडले होते. तेव्हा डॉक्टरची एक चिठ्ठी पुढे करण्यात आली. सायकलच्या बैठकीमुळे झालेल्या जखमेसाठी हे मलम दिले आहे, असे तीत लिहिले होते. प्रकरण मिटले. ती चिठ्ठी मागाहून, जुनी तारीख घालून लिहिलेली होती. ही गोष्ट त्याच्या संघात मालिश करणाऱ्या एमा ओ'रायली या बाईंना माहीत होती. त्यांनी ती उघड केली, तेव्हा आर्मस्ट्राँगने त्यांच्याविषयी अत्यंत हीन शब्द वापरले आणि त्यांच्यावर खटला भरला. बेट्सी आंद्रेउ या दुसऱ्या एका बाईंनी खरे सांगितले, तर त्यांनाही त्याने जगापुढे खोटे ठरवले. लंडनच्या 'संडे टाइम्स' या वर्तमानपत्राने संशय व्यक्त केला, तर त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. २००६ मध्ये त्या वर्तमानपत्राने मोठी रक्कम देऊन तो मिटवला. खरे छापूनही पैसे भरावे लागले! औषध घेण्यापेक्षाही हा दुसरा गुन्हा मला मोठा वाटतो.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेने साक्षी-पुराव्यांसह मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्याच संघातील जुन्या साथीदारांनी साक्षी दिल्या होत्या. सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि त्याच्यावर आयुष्यभराची बंदी आली. त्यानंतर तीन महिन्यांनी, १७ आणि १८ जानेवारी २०१३ रोजी, ओप्रा विन्फ्री या प्रसिद्ध मुलाखतकार बाईंसमोर बसून दूरदर्शनच्या पडद्यावर त्याने कबुली दिली. बाईंनी सुरुवातीलाच ओळीने प्रश्न विचारले आणि उत्तर फक्त हो किंवा नाही असे मागितले. निषिद्ध द्रव्ये घेतलीस का? ईपीओ घेतलेस का? रक्त भरून घेतलेस का? प्रत्येक वेळी उत्तर आले, हो. तेरा-चौदा वर्षे जो माणूस नाही म्हणत आला होता, त्याने थोड्याच क्षणांत सारे कबूल केले.

लोकांनी ही कबुली कशी घेतली? सात वेळा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ती आनंदाने घेतली. अनेकांना वाटले, की हा पश्चात्ताप नसून हिशेब आहे. पुरावे समोर आले, आता नाकारून उपयोग नाही, म्हणून हा बोलतो आहे. त्या काळी आपण फसवत आहोत असे आपल्याला वाटतच नव्हते, असेही तो त्या मुलाखतीत म्हणाला. फसवणूक या शब्दाचा अर्थ आपण शब्दकोशात पाहिला, असेही त्याने सांगितले. हे ऐकून लोक आणखी चिडले. प्रसिद्ध टेनिसपटू नोवाक जोकोविचने त्याच्यावर कडक शब्दांत टीका केली. बेट्सी आंद्रेउ दूरदर्शनवर बोलताना संतापाने आणि दुःखाने भरून आल्या. इतके सोसूनही त्याने आपल्याबाबतचे सारे सत्य सांगितले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कर्करोगातून उठलेल्या पुष्कळ रोग्यांपुढे वेगळाच पेच होता. ज्याच्याकडे पाहून आपण जगण्याची हिंमत धरली, तो खोटा निघाला. मग आपली हिंमतही खोटी होती का? काहींनी ते पिवळे कडे काढून टाकले. काहींनी ठेवले, कारण त्यांना मिळालेला धीर तर खरा होता.

एक गमतीची गोष्टही घडली. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मॅन्ली येथे एक वाचनालय आहे. तेथे फलक लागला, की लान्स आर्मस्ट्राँगची सर्व पुस्तके आता चरित्रांच्या कपाटातून काढून कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवण्यात येतील. फलकाचे छायाचित्र जगभर गेले. नंतर कळले, की तो कोणा तरुणाने केलेला खोडसाळपणा होता. वाचनालयाला मनाला येईल तशी पुस्तके हलवता येत नाहीत, असे तेथील नगरपालिकेने सांगितले. ते बरोबरच आहे म्हणा! पण जगाने तो फलक खरा मानला, यावरून लोकांच्या मनात काय होते ते समजते.

त्या मुलाखतीतील एक प्रसंग मात्र टीकाकारांनाही स्पर्श करून गेला. आर्मस्ट्राँगचा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. वडिलांविषयी कोणी वाईट बोलले, की तो त्यांची बाजू घेऊन भांडत असे. माझे अब्बा असे नाहीत, असे म्हणणारा मुलगा. त्याला समोर बसवून, यापुढे माझी बाजू घेऊ नकोस, असे त्याला सांगावे लागले. हे सांगताना त्या माणसाचा कंठ दाटून आला. सात विजेतेपदे गेली तेव्हा तो रडला की नाही ते आपल्याला माहीत नाही, पण येथे तो रडला.

पुढे, २०१३ च्या अखेरीस, आर्मस्ट्राँगने एमा ओ'रायली यांची प्रत्यक्ष भेट घेऊन त्यांची माफी मागितली. त्यांनी माफ केले. ही माफी कोट्यवधी लोकांसमोर कॅमेऱ्यात पाहून मागितलेली नव्हती. ज्यांना दुखावले, त्यांच्यासमोर बसून मागितलेली होती. बेट्सी आंद्रेउ यांनी मात्र माफ केले नाही, आणि त्यांनी माफ करायलाच हवे होते असे कोण म्हणू शकेल?

आता आपल्या महाराष्ट्रातील आणखी एका खेळाडूकडे वळू. त्याने कबुली दिली नाही, कारण त्याच्या मते कबूल करण्यासारखे काही घडलेच नव्हते. तो म्हणजे मल्ल नरसिंग यादव. मुंबईत वाढलेल्या या गड्याने २०११ पासून ओळीने तीन वेळा महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला. २०१५ मध्ये जागतिक कुस्ती स्पर्धेत त्याने कांस्यपदक जिंकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली. ऑलिंपिक तोंडावर आले असताना त्याच्या नमुन्यात मिथॅंडीनोन हे स्नायू वाढवणारे द्रव्य सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी मुद्दाम औषध मिसळले, असे नरसिंगने ठामपणे सांगितले. १ ऑगस्ट २०१६ रोजी नाडाच्या समितीने त्याचे म्हणणे मानून त्याला निर्दोष ठरवले. लोकांनी आनंद व्यक्त केला. तो ब्राझीलला पोहोचलाही. परंतु वाडा संस्थेने क्रीडा लवादाकडे दाद मागितली, आणि १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. औषध कोणी आणि कसे मिसळले याचा पुरेसा पुरावा नाही, असे लवादाला वाटले.

नियम असा आहे, की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. 'मला माहीत नव्हते' एवढे म्हणून चालत नाही. ते शरीरात कसे गेले हे त्याला दाखवून द्यावे लागते. हा नियम कठोर आहे. निरपराध माणूस त्यात सापडू शकतो. पण नियम सैल केला, तर जुन्या तारखेची चिठ्ठी खिशात घेऊन हिंडणारा प्रत्येकजण सुटेल. आर्मस्ट्राँगसारख्यांनी जे केले, त्याची किंमत पुढे खरे बोलणाऱ्यांनाही मोजावी लागते ती अशी. म्हणूनच, पृथ्वीने खोकल्याचे नाव घेतले तेव्हा कित्येकांच्या ओठांवर हसू आले. नरसिंगच्या बाबतीत महाराष्ट्रातील बऱ्याच लोकांचे मन अजूनही त्याच्याच बाजूने आहे. बंदी संपल्यावर २०२० मध्ये तो पुन्हा आखाड्यात उतरला.

पृथ्वीने पुढे एका मुलाखतीत त्या दिवसांची हकीकत अधिक मोकळेपणाने सांगितली. इंदूरमध्ये तो जेवायला बाहेर गेला होता आणि खोकल्याने हैराण झाला होता. त्याने वडिलांना फोन केला. वडील म्हणाले, बाजारातून खोकल्याचे औषध घे. त्याने घेतले. संघाच्या फिजिओला विचारायला हवे होते, ते विचारले नाही, ही आपली चूक, असे तो म्हणाला. या प्रकाराला मी आणि माझे वडील जबाबदार आहोत, असेही त्याने सांगितले. पहाटेच्या गाडीने मुलाला सरावाला नेणारे हेच ते वडील. मुलगा दूर गावी खोकतो आहे हे फोनवर ऐकले आणि कोणताही बाप जे सांगेल ते त्यांनी सांगितले. तुमचे अब्बा जे सांगतात तेच.

कदाचित तुमच्यापैकी कोणी कबड्डी खेळत असेल. रायगड जिल्ह्यात कबड्डीचा संघ नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. कोणी धावण्याच्या शर्यतीत जिल्ह्यापर्यंत, राज्यापर्यंत जाईल. राष्ट्रीय स्पर्धांत शालेय वयाच्या खेळाडूंचेही नमुने घेतले जातात. अशा वेळी डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगायचे, की मी स्पर्धेत खेळतो, मला चालेल असे औषध द्या. चिठ्ठी आणि बाटली दोन्ही जपून ठेवायची. बाटलीवर बारीक अक्षरांत औषधातील द्रव्यांची नावे छापलेली असतात, ती आपल्या प्रशिक्षकांना किंवा क्रीडा शिक्षकांना दाखवायची. ताकद वाढवणारी म्हणून डब्यांतून विकली जाणारी पावडर मित्राने दिली, तरी तीही दाखवायची. नमुना घेताना, गेल्या काही दिवसांत कोणती औषधे घेतली, असे विचारतात. तेव्हा सर्व औषधांची नावे लिहून द्यायची, खोकल्याच्या औषधाचेसुद्धा. तेथे लिहिलेले नाव तुमच्या बाजूने बोलू शकते. मागाहून आठवलेल्या नावावर कोणी सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

पृथ्वीची बंदी १५ नोव्हेंबर २०१९ च्या मध्यरात्री संपली. १७ तारखेला वानखेडे मैदानावर मुंबईचा सामना आसामशी होता. स्पर्धा तीच, सय्यद मुश्ताक अली. पृथ्वी सलामीला आला आणि ३९ चेंडूंत ६३ धावा काढून परतला. पुढे २०२१ मध्ये विजय हजारे स्पर्धेत त्याने आठ सामन्यांत ८२७ धावा केल्या आणि २०२३ मध्ये रणजी सामन्यात, पुन्हा आसामविरुद्धच, एका डावात ३७९ धावा. त्यानंतर त्याच्या वाटचालीत चढही आले आणि उतारही. २०२५ मध्ये तो मुंबईचा संघ सोडून महाराष्ट्राच्या संघात आला. त्या प्रत्येक वळणावर लोकांनी त्याची स्तुती केली, टीकाही केली. पण ती धावांबद्दल होती, तंदुरुस्तीबद्दल होती, वागण्याबद्दल होती. खोकल्याच्या बाटलीबद्दल त्याला नव्याने जाब विचारायला फारसे कोणी गेले नाही.